सुपातला पावटा

आम्ही दोघं नवराबायको शेवटचं बसलो ते अंगणात पावटा सोलत. अर्धा सोलायचा राहिला आणि त्याच रात्री ती झोपेतच गेली.

जन्मात ती मटणाला शिवली नाही. तरी सुतक फिटलं म्हणून भाऊबंदांनी तिच्याच नावानं बोकड कापला. माणूस गेल्याचं दुःख फेडायला आणखी एक जीव घ्यायचा, ही कसली रीत? आतडी ओढ्यात फेकलेली, पाण्यावर चरबीचा तवंग. डॉक्टरनं मटण बंद केलेला मेव्हणा हाडं चोखत म्हणाला, "दाजी, रस्सा तरी घ्या!"

"तुझ्या बहिणीच्या नावानं हे गिळतोस? थू!" म्हणून मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपात उरलेला, वाळून कडक झालेला पावटा सोलला. शिजायला दुपार झाली. पहिलं ताट तिचं वाढलं.