बाबांना साच्यावरून उठवून आणलं

मंडळी, दुपारपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

परळला एका बंद गिरणीच्या आवारात कापडाचं प्रदर्शन होतं. तिथे एक जुना साचा, म्हणजे कापड विणायचा माग, मांडला होता आणि तो चालवून दाखवायला माझ्या बाबांना बोलावलं होतं. गिरण्यांच्या संपात नोकरी गेली, तोवर ते साच्यावरच होते. नंतर आयुष्यभर वॉचमनकी केली.

मी लेकीला घेऊन पोचले तर बाबांच्या डोक्यावर आयोजकांनी चढवलेली पांढरी टोपी! बाबांनी जन्मात कधी टोपी घातली नाही. पोरंपोरी त्यांच्यासोबत सेल्फी काढत होती. माझं डोकंच फिरलं. तिथल्या आयोजक बाईंना म्हटलं, "तुम्ही माझ्या वडिलांना एक्स्प्लॉइट करताय." बाबा तेव्हा तुटलेला धागा जोडत होते. तो तसाच सोडायला लावून मी त्यांना टॅक्सीत बसवलं.

टॅक्सी लालबागला आली. तेव्हा बाबा म्हणाले, "त्या बाईला काय बोललीस गो?"

"एक्स्प्लॉइट. म्हणजे गैरफायदा घेणं."

लेकीने फोनमध्ये बघितलं. "आजोबा, पुरेपूर उपयोग करून घेणं, असाही अर्थ आहे. आणि पराक्रम पण!"

"पराक्रम ऱ्हाऊ दे," बाबा म्हणाले. "गिरणी सुटल्यापासून या हातांचा उपयोग कोणी करून घेतला नव्हता. आज घेत होते."

उद्या परत नेते म्हटलं, तर प्रदर्शनाचा आजच शेवटचा दिवस होता.

कोणाच्या माहितीत कुठे चालू साचा आहे का हो? बाबांचा धागा जोडायचा राहिलाय.