लेकीच्या परीक्षेत माझी मदत

शाळेच्या दारात मी लेकीच्या कानाशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "घाबरू नकोस हं." तीन वर्षांची असताना तापात तिचे कान गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि बाप कानात धीर देतोय! तिनं मान झटकली. दाढीचे खुंट टोचले असणार.

लढाईचे दिवस होते. मी भाईंदरच्या मिठागरावर कारकून, लेक सात वर्षांची. गावात शाळा एकच. गुरुजींचा निरोप होता, पोरीला आणा, पण डोक्यात काही टिकतं का ते बघूनच घेईन, नुसती कोपऱ्यात बसवून ठेवणार नाही. ते नाही म्हणाले असते तर तिचं शिक्षण आमच्या ओट्यावर माझ्या हातून व्हायचं, म्हणजे झालंच नसतं.

तिच्या आठवणीची मला काळजी नव्हती. माझा चष्मा कुठे आहे हे आमच्या घरात मला कोणी विचारत नाही. बायको बोटांनी डोळ्यांभोवती गोल करून दाखवते, आणि लेक जाऊन तांदळाच्या डब्यावरून चष्मा आणते.

गुरुजींनी आधी पाच शब्द म्हटले आणि तिला म्हणायला सांगितलं. ती लोकांचे ओठ बघून थोडंफार ओळखायची. पण गुरुजींच्या मिशा अशा, की खाली ओठ आहेत हे मानूनच चालायचं. ती एकही शब्द बोलली नाही. गुरुजींनी माझ्याकडे पाहून नकाराची मान हलवली. मी म्हणालो, "गुरुजी, एकदा दाखवून विचारा." मिशांचा विषय काढला नाही.

माणूस मोठा न्यायी. त्यांनी टेबलावर ओळीनं खडू, शिंपला, किल्ली, चिंचोका, टाक आणि मिठाचा खडा मांडला. तिला नीट बघू दिलं, मग वर आपलं उपरणं टाकून खाली सगळं उलटसुलट केलं आणि उपरणं काढून खूण केली, होतं तसं लाव.

इथे मला राहवलं नाही. गुरुजींच्या पाठीमागे उभा राहून मी हवेत मूठ फिरवली. आमच्या घरच्या खुणांत ती किल्ली. माझ्या मते पहिली किल्लीच होती. लेकीनं मला पाहिलं. हात किल्लीकडे गेला आणि मध्येच थांबला. मी आणखी जोरानं मूठ फिरवली. तेव्हा तिनं शांतपणे डोळे मिटून घेतले.

माझी सगळी बडबड तिच्यापर्यंत डोळ्यांतूनच पोचते. ती वाटच तिनं बंद केली. क्षणभर तशीच उभी राहिली, मग डोळे उघडले ते थेट टेबलावर, माझ्याकडे नाहीच. खडू पहिला ठेवला. शिंपला. मग किल्ली. पुढचं सगळं न अडखळता.

गुरुजी काही बोलण्यासाठी मागे वळले, तर माझी मूठ अजून हवेतच.

"तुम्ही काय उघडताय?" त्यांनी विचारलं.

मी मूठ खिशात घातली. सहाही वस्तू जागच्या जागी होत्या. गुरुजी म्हणाले, आठवणारी मुलं त्यांनी बरीच पाहिली आहेत, पण कुणी समोर चुकीचं सांगत असताना आपला हात आवरणारी थोडी. मग म्हणाले, तिला पुढच्या रांगेत बसवतो, बोलायचं ते तिच्याकडे तोंड करून बोलेन आणि फळ्यावर लिहीन. मला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

घरी बायको दारात वाट बघत होती. घेतलं म्हटल्यावर तिनं लेकीला जवळ ओढलं आणि सगळं खोदून खोदून विचारलं. मुठीचं मी गाळणार होतो, पण लेकीनंच माझी नक्कल करून दाखवली, मूठ आणि मिटलेले डोळे दोन्ही. बायको पोट धरून हसली, मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून तिला शाळेत मी नेईन. तुमी समोर असलात का पोरीला डोळे मिटायला लागतात. मंग ती फळा कवा बघंल?"