आमेननंतरची ओळ

दुपारी दोनच्या सुमारास कमळाबाई हिवाळे आंबिवलीहून रिक्षाने कल्याणला यायच्या. मुलगा महेंद्र आणि सून ऐश्वर्या कामावर गेलेले असत. घरात असायच्या त्या रेजिना, ऐश्वर्याची आई. मूळच्या ठाण्याच्या, कॅथलिक. वर्षभरापासून त्यांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली होती. आधी गॅस बंद करायचं राहू लागलं, मग जावयाचं नाव गेलं.

कमळाबाई नगरकडच्या, प्रॉटेस्टंट. तीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे आजारी माणसाशेजारी नुसतं बसून राहणं त्यांना जमायचं. त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, रखमाबाईंनी विचारलंच, "काय हो, आता कॅथलिकांची जपमाळ कधी घेताय हातात?"

"बोटं दुखतात माझी," कमळाबाई म्हणाल्या आणि छत्री उचलून निघाल्या.

आठ वर्षांपूर्वी, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली होती. प्रार्थना दोन्हीकडे एकच. पण वाइटापासून सोडव, असं मागून झालं की कॅथलिक आमेन म्हणतात. कमळाबाईंच्या मंडळीत त्यापुढे देवाच्या राज्याची आणि गौरवाची आणखी एक ओळ असते. निम्मा हॉल आमेन म्हणून खाली बसला, निम्मा उभ्याने म्हणतच राहिला.

"विहीणबाई, तुमच्या प्रार्थनेला शेपूट आहे गो!" रेजिना हसत म्हणाल्या. सगळे हसले. कमळाबाईही हसल्या, पण ते त्यांना लागलं. तेव्हापासून दोघी एकत्र जेवायला बसल्या तरी प्रार्थना मनातल्या मनातच व्हायची.

आता रेजिनांचे शब्द सरत चालले होते. ते सरायच्या आत एकदा तरी दोघींनी मोठ्याने, बरोबर प्रार्थना म्हणावी, एवढंच कमळाबाईंना हवं होतं.

त्या दुपारी दोघी भिजवलेले वाल सोलत होत्या. पडद्यातून पिवळट उजेड येत होता, पंखा संथ फिरत होता. रेजिना एकेक डाळिंबी वाटीत सोडत होत्या आणि दरवेळी ओठ हलवत होत्या. कमळाबाईंना वाटलं, ही दुपार कुठल्याच गावातली नाही. दोघी पाण्याखाली बसल्या आहेत आणि आवाज फार लांबून येतोय.

"म्हणू या का?" त्यांनी विचारलं.

"काय गो?"

"प्रभूची प्रार्थना."

रेजिनांनी ओले हात पदराला पुसले आणि डोळे मिटले. पहिले शब्द त्यांच्याच तोंडून आले, न अडखळता. कमळाबाई मागोमाग निघाल्या. भाकरीची ओळ झाली, क्षमेची झाली. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, रेजिना थांबतील तिथेच आपणही थांबायचं. वाइटापासून सोडवून झालं, तशा कमळाबाई म्हणाल्या, "आमेन."

रेजिनांनी डोळे उघडले नाहीत.

"तुमचं अजून आहे ना?"

"असू दे हो."

"असू दे काय? म्हणा. मी हाय."

 कमळाबाईंनी ती ओळ हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हटली. रेजिना प्रत्येक शब्द मागून उचलत होत्या, झोपेत कुणाचं तरी बोट धरून चालावं तशा. गौरव या शब्दाशी त्या रेंगाळल्या.

कमळाबाई आमेन ओठांवर धरून थांबून राहिल्या, विहीणबाई तिथवर येईपर्यंत.