आठ मिनिटांचं पद

तहसीलदार कचेरीसमोर मी माईकवर बोलत होते. विषय खाडीतल्या वाळू उपशाचा. संपवून खाली उतरले, तर सुती पातळ नेसलेली एक ठेंगणी म्हातारी हातातली मासळीची पिशवी सांभाळत पुढे आली. निवेदनावर सही करायची असेल म्हणून मी पेन पुढे केलं. ती म्हणाली, "बाय, तू काळी पाचात वरडतेस. तुझा गळा काळी दोनचा हाय. उतर खाली, नायतर तिशीतच घोगरी होशील."

वाळूबद्दल एक शब्द नाही. मी चिडले. नंतर त्यांच्याकडे जाणं-येणं सुरू झालं तेव्हा कळलं, की या सुगंधाआक्कांना जगातला कुठलाही आवाज पेटीच्या पट्टीवर बसवल्याशिवाय चैन पडत नसे. दारावर येणाऱ्या मासेवालीची हाक पांढरी तीन. शेजारचा मिक्सर काळी एकच्या आसपास. एका पुढाऱ्याचं तासभर भाषण ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "खोटं बोलतो का ते मला नाय कळत. पण सूर लागलेला नाय."

भाट्ये पुलाच्या अलीकडे भाचीच्या, मंदाच्या, दोन खोल्यांच्या चिरेबंदी घरात त्या राहत. कोणे एके काळी त्या संगीत नाटकांच्या कंपनीत नायिका होत्या, हे गल्लीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. सावर्ड्याच्या पलीकडच्या एका वाडीत त्यांचा जन्म. वाडीने बौद्ध धम्म घेतला तेव्हा त्या शाळेतही जात नव्हत्या. वडील विहारात गात. लेक त्यांच्या मांडीवर बसून सूर धरायला शिकली. सतराव्या वर्षी कंपनीच्या मालकाने त्यांचं गाणं ऐकलं आणि पुढची अठरा वर्षं त्या राण्या झाल्या, राजकन्या झाल्या, शकुंतलेसारख्या टाकून दिलेल्या बायका झाल्या. कंपनी बुडाल्यावर अंगणवाडीत मदतनीस झाल्या. खिचडी शिजवायची आणि पोरांना बडबडगीतं शिकवायची. "पोरं मात्र सुरात निघाली माझी," एवढंच त्या सांगत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबांबरोबर ती वाटताना मला अक्षरओळख झाली. त्यामुळे आक्कांनी ट्रंकेतून कंपनीचं जुनं हँडबिल काढलं तेव्हा माझी नजर लगेच तिथे गेली. सगळ्या नटांची नावं आडनावासकट होती. नायिकेचं नुसतं 'सुगंधा'.

मी विचारलं. त्या हसल्या. मालक म्हणाले होते, गावोगावच्या मोठ्या घरांत कंपनीच्या पंगती होतात, आडनाव छापून कशाला कुणाच्या मनात किंतु आणायचा. तरी कुणीतरी चौकशी करायचंच. मग पंगतीला निघताना मालक सांगत, तू इथेच थांब, गळा सांभाळ. सगळी मंडळी जेवून येईपर्यंत आक्का रंगपटात एकट्या बसत. मागून डबा येई. रात्री त्याच घरचे यजमान पहिल्या रांगेत बसून त्यांच्या पदाला वन्स मोअर देत.

"माझ्या गळ्याची सगळ्यांना लय काळजी," आक्का म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी पेटले. जाहीर सत्कार करायचा, या गोष्टीचा जाब मागायचा, असं मी आणि चार मित्रांनी ठरवलं. आक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातले तांदूळ अंगणातल्या कोंबड्यांना टाकले. मग म्हणाल्या, "शाल नको. न्याय पण नको गो आता. एक पद म्हणते. आठ मिनिटांचं. त्याच्या आधी माझं अख्खं नाव वाच, सुगंधा तुकाराम जाधव, आणि मला साडेसहाला उभी कर. मंदा मोबाईलवर घेईल. माझं गाणं कुठे उरलेलंच नाय."

साडेसहाच का, तेही त्यांनी समजावलं. शहात्तर वर्षांचा गळा सकाळपासून कुरवाळत आणला तर संध्याकाळी अर्धा तास उघडतो. तेवढ्यात गायलं तर गायलं.

पुढचे वीस दिवस मी त्यांच्याकडे गेले की आतून रियाज ऐकू यायचा. आधी नुसता खर्ज, मग हळूहळू वर. ताक, आंबट, तळलेलं सगळं बंद. कार्यक्रमाच्या आधी दोन दिवस त्या बोलल्याच नाहीत. मंदाला हातवारे करून मीठ मागायच्या.

आम्ही काय केलं? कार्यपत्रिकेत त्यांचं पद शेवटी टाकलं. मोठी गोष्ट शेवटी ठेवायची, अशी आमची समजूत. पाहुणे उशिरा आले. दीप लागला, हार झाले. सव्वासहाला आत ऑर्गनवर गळा तापवून आक्का व्यासपीठावरच्या खुर्चीत पंख्याखाली येऊन बसल्या, आणि पावणेसातला मी पाच मिनिटांचं मनोगत मांडायला उभी राहिले.

मी बावीस मिनिटं बोलले. हँडबिल मोठं करून आणलं होतं, ते उंच धरलं. पंगतीची गोष्ट सांगितली. अख्खं नाव तीनदा उच्चारलं. लोक हेलावले. आयुष्यात इतकं चांगलं मी कधी बोलले नव्हते.

मग आक्का उठल्या. ऑर्गनवाल्याने सूर दिला. त्यांनी तोंड उघडलं. फाटका, वाऱ्यासारखा काहीतरी आवाज आला. त्यांनी पुन्हा सूर मागितला. पुन्हा तेच. त्यांनी हात जोडले आणि मान खाली घातली. बाई गहिवरल्या असं लोकांना वाटलं. सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मीच लिहून दिलं, की कृतज्ञतेने त्यांचा कंठ दाटून आला.

परतताना रिक्षात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. पुलावर त्यांनी पदर कानाभोवती घेतला. मग म्हणाल्या, "खरं बोललीस बाय. एकूणएक खरं. पण गळा तेवढा थांबला नाय."

मी म्हटलं, आक्का, पुढच्या महिन्यात पुन्हा करू. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. लहान मुलाने चंद्र मागितला की थोपटतात तसं. पुढच्या महिन्यात त्यांना खोकला लागला, त्यानंतर न्यूमोनिया. सिव्हिलमध्ये नळी घातल्यावर बोलणंही गेलं. चौथ्या दिवशी त्या वारल्या.

पुण्यानुमोदनाचा विधी उरकल्यावर मंदाने मोबाईलवरचा तो व्हिडिओ मला पाठवला. मधोमध मी, हात उगारलेली. माझ्या मागे खुर्चीत आक्का. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी स्वतःचंच भाषण ऐकत होते. नंतर एकदा आवाज बंद करून पाहिला. आक्कांचे ओठ हलत आहेत. बोटं मांडीवर ताल धरत आहेत. गळा निवू नये म्हणून त्या आतल्या आत पद म्हणत बसल्या आहेत. एकदा संपतं. त्या पुन्हा पहिल्यापासून धरतात. दुसऱ्यांदा संपतं. तिसऱ्यांदा ध्रुवपदाशी आल्यावर बोटं थांबतात. त्या गळ्याला हात लावून बघतात, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, माझ्या पाठीकडे बघतात. तेवढ्यात माझ्या कुठल्यातरी वाक्याला टाळ्या पडतात, आणि हात मांडीवरून उचलून आक्काही टाळ्या वाजवू लागतात.