माझ्या मापाचा ओटा

घाटनांदूरच्या फाट्यावर जीप भरेपर्यंत सुटत नाही. मी पुण्याला निघालो त्या सकाळी ती भरत नव्हती, म्हणून आम्हा बापलेकांना अर्धा तास शेजारी उभं राहावं लागलं. वडिलांच्या खांद्यावर घोंगडी होती आणि मागे शेळ्या दुसऱ्याच्या बांधात घुसत होत्या. त्यांनी एरवी हाकलल्या असत्या, त्या दिवशी घुसू दिल्या. मी ड्रायव्हरशी भांडत होतो. पुढची सीट मला सांगून त्याने दुसऱ्याला दिली होती. अखेर पुढची सीट मी मिळवलीच. जीप हलली तेव्हा वडील खिडकीशी येऊन म्हणाले, "तोंड जरा आवर. असंच ऱ्हायलास तर तुझ्यापुढं कुणी खरं बोलायचं न्हाई बघ."

मी हसलो. मला वाटलं, म्हातारा सीटबद्दल बोलतोय.

पुण्यात मी हमालीपासून सुरुवात केली. लोक फ्लॅट घेतात आणि वर्षाच्या आत स्वयंपाकघर उचकटून टाकतात. धडधाकट सिंक, सागवानी दारं, ग्रॅनाइटच्या फरश्या जिन्यात येऊन पडतात. ते खाली उतरवता उतरवता मी विकत घ्यायला शिकलो, मग विकायला. आज भोसरीत माझं जुन्या सामानाचं गोडाऊन आहे. कुणाच्या बापाची शिफारस नाही, कुणाचा हात डोक्यावर नाही. जे केलं ते जिभेवर केलं.

या धंद्यात एक गोष्ट मी पहिल्या वर्षात शिकलो. ज्याला माल घ्यायचा असतो तो नावं ठेवतो. कोपरा उडालाय, रंग गेलाय, बिजागरी ढिली आहे म्हणतो. त्याला चहा पाजायचा. आणि जो हात फिरवून "वा, छान आहे" म्हणतो, त्याच्यावर वेळ घालवायचा नाही. तो घेणार नसतो.

हे मला गोडाऊनमध्ये दहा पावलांवरून ओळखू येतं. घरी चार वर्षं ओळखू आलं नाही.

वडील गेल्यावर मी घर सुधारायला घेतलं. माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना हे समजेल. आपण तिथं राहत नाही, म्हणून तिथं काहीतरी बसवत राहतो. एका दिवाळीला पत्र्याला खालून सीलिंग मारलं. एका दिवाळीला न्हाणीला टाइल्स लावल्या. मिस्त्री बोलावला नाही, सगळं माझ्या हाताने. सुट्टीत दुसरे लोक देवदर्शनाला जातात, मी थापी हातात घेतो. तेवढे चार दिवस मला कुणाशी भाव करावा लागत नाही.

मग ओटा केला. कोथरूडच्या एका बाईंनी रंग आवडेना म्हणून काढलेला अखंड काळा ग्रॅनाइट मी टेम्पोत गोधड्यांवर निजवून गावी आणला. माय जन्मभर जमिनीवर बसून धुरात स्वयंपाक करत आली होती. तिने उभं राहून, ताठ मानेने करावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माप मी पुण्याच्या घरातून टेपने घेऊन आलो होतो. माझी बायको आष्टीची, चांगली उंच. आमच्या किचनचा ओटा तिच्या कमरेला लागतो. माय माझ्या छातीपर्यंतसुद्धा येत नाही, हे मला टेप लावताना आठवलं नाही.

ओटा झाला. मी तिला समोर उभी केली, फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "लई चांगला झालाय," माय म्हणाली. मी तिला कसा झालाय असं विचारलं नव्हतंच. चांगला झालाय की नाही, असं म्हणालो होतो. विचारणं आणि वदवून घेणं यातला फरक माझ्याइतका कुणाला माहीत असणार?

पुढच्या चार दिवाळ्या मी पाहिलं, माय ओट्याशी उभी राहून भाकरी करते. निघायच्या दिवशी ती उजवा खांदा दाबत असायची. मला वाटायचं, वय झालं. मी दरवर्षी तिच्यासाठी खांद्याला चोळायचं तेल न्यायचो. दरवर्षी ती म्हणायची, तेल लई चांगलं आहे.

मागच्या उन्हाळ्यात सातबाऱ्याच्या कामाला अंबाजोगाईला गेलतो. काम लवकर उरकलं, म्हणून न कळवता घरी निघालो. दुपारचे बारा वाजले असतील. अंगणातच मायचा आवाज ऐकू आला. ती माझ्या धाकट्या भावाला, दत्ताला, झाडत होती.

"समदं पाणी माझ्या पायात येतंय. ढाळ काढताना डोळे कुठं ठिवलेते?"

"मी काय इंजिनेर हाय का, माय?"

"इंजिनेर न्हाई, निदान माणूस तरी ऱ्हा. मुडद्या, हे वाकडं हाय, ते फुटलंय, अन् वर दात काढतूय."

दत्ता खरंच दात काढून हसत होता. त्याची बायको मीराही हसत होती. मी दारात थांबलो. मागच्या दाराजवळ शहाबादी फरशीचा वीतभर उंचीचा, दत्ताने बांधलेला एक ओबडधोबड ओटा होता. सिमेंट बोटांनी फासलेलं, कडा फुटलेल्या. त्यावर शेगडी. समोर पाटावर एक गुडघा उभा करून माय बसली होती आणि परातीत भाकरी थापत होती. तिचं सगळं अंग वरून हातावर येत होतं. तेव्हा मला दिसलं की भाकरी हाताने थापत नाहीत, खांद्याच्या वजनाने थापतात. छातीला लागणाऱ्या ओट्यावर ते वजन येणार कुठून?

आणि माझ्या ग्रॅनाइटवर सोयाबीनची पोती, जुनी ट्रंक आणि गोधड्यांची चळत होती.

मायने मला पाहिलं. तिने पिठाचे हात लुगड्याला पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि ओट्यावरच्या गोधड्या उतरवू लागली. मला दाखवायला तिथं उभी राहणार होती. अजून एकदा.

मला शिव्या घातल्या असत्या तरी एवढं लागलं नसतं.

"कावून सांगितलं न्हाई?" मी ओरडलो. "चार वर्षं! कावून?"

  मीरा दाराआडून बोलली, पदर नीट करून, हळू आवाजात. "तुमी चार दिवस येता, भाऊजी. चार दिवस कुणाचं बी मन राखता येतं."

मी कोपऱ्यातली पहार उचलली. दत्ता आडवा आला, "सोड बे दादा, येडा झालास का," म्हणून हात धरू लागला. मी त्याला ढकललं. आधी पोती खाली ओढली, मग पहिला घाव घातला. ग्रॅनाइट फुटायला वेळ लागतो, मला लागला नाही. माय भिंतीला टेकून बसली होती. धूळ खाली बसल्यावर ती म्हणाली, "चांगला हुता रे."

तेव्हासुद्धा.

दत्तावर माझा राग आहे, अजून आहे. त्याने एक फोन केला असता, दादा, उंच झालाय, वीतभर खाली घे, तर मी रात्रीची गाडी पकडून आलो असतो. तो म्हणतो, आलाही असतास आणि भांडलाही असतास. असेल. पण मला भांडायची तरी संधी द्यायची होती. पाहुण्याला जेवण आवडलं का विचारतात, घरच्याला मीठ कमी पडलं म्हणून ओरडतात. मला त्यांनी पाहुण्यांत कधी बसवलं, ते कुणी कळवलं नाही.

आता मी गेलो की सगळे आणखी जपून असतात. त्यांच्या हातात स्टीलचे पेले आणि मला कपबशी. छताचा पंखा नेला, लई चांगला. मिक्सर नेला, लई चांगला. ग्रॅनाइटचा मोठा तुकडा अंगणात पडलाय, त्यावर शेळ्या चढून बसतात. त्यांच्या मापाला तो बरोबर आहे.

वडिलांचं फाट्यावरचं वाक्य मला इतक्या उशिरा कळलं. ते सीटबद्दल नव्हतं.

दर रविवारी मी फोन करतो. काय आणू विचारलं तर माय म्हणते, काही नको, आहे ते लई चांगलं आहे. मग ठेवते म्हणते आणि फोन बंद न करताच पाटाशेजारी ठेवून देते. तिला तो बंद करता येत नाही. लगेच तिचा खरा आवाज सुरू होतो. दत्त्या, ढाळ कधी काढणार. दत्त्या, ही कड पुन्हा फुटली. वाकडं, फुटकं, बिनकामाचं. भाकरीवर थापा पडत असतात आणि शिव्या चालू असतात.

घर कुठं आहे असं कुणी विचारलं तर मी घाटनांदूरच सांगतो. गोडाऊनमध्ये गिऱ्हाईक उभं असलं तरी मी फोन कानाला धरून ठेवतो. त्या शिव्यांत माझं नाव एकदा तरी येईल म्हणून ऐकत असतो. अजून आलेलं नाही.