एका पुठ्ठ्यात दोन दुखणी

‘काका गेले गे, कोकिळा. सकाळी दुसरी कापी मागटले, मी दिले, प्याले आणि गेले.’ तंजावूरहून काकूंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. अलीकडे काकांना दिवसाला एकच कॉफी मिळायची. दुसरी दिली म्हणून गेले की काय, ही काकूंना रुखरुख होती, आणि निदान दुसरी पिऊन गेले याचं समाधानही होतं. त्या आळीपाळीनं दोन्ही बोलत राहिल्या. मी हं हं करत राहिले… त्याला आता दोन महिने होत आले.

सेतुमाधवराव, आमचे सेतुकाका, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. राजवाड्यामागच्या गल्लीत, जिथे मराठी घरं अजून भिंतीला भिंत लावून उभी आहेत, तिथे ते पुस्तकं बांधायचे. पुढच्या खोलीत लाकडी दाबयंत्र, पुठ्ठ्यांची थप्पी आणि मैद्याच्या खळीचं पातेलं. बांधायला आलेलं प्रत्येक पुस्तक ते वाचायचे, पण बांधणी संपेपर्यंतच. त्यामुळे कायदा, पंचांग, भूमिती, सगळ्यातलं त्यांना अर्धं अर्धं यायचं आणि ते पूर्ण आत्मविश्वासानं सांगायचे. दोन बारीक पुस्तकं आली तर पुठ्ठा वाचवायला ती एकत्र शिवायचे. एका वकिलाच्या निकालपत्रांच्या मागे त्यांनी त्याच्याच बायकोची लोणच्यांची वही शिवली होती. वकील म्हणे कोर्टात तेवढाच भाग शोधायचा.

मी कॉलेजसाठी ओरत्तनाडुहून, आईवडिलांच्या घरून, त्यांच्याकडे राहायला आले, त्याच वर्षी काकांना अल्सर झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिखट बंद, कॉफी बंद आणि दर तीन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं. काकांनी अल्सरच्या उपचारांवरचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं आणि आमच्या अख्ख्या गल्लीचं पोट तपासायला घेतलं. कुणी ढेकर दिला की काका ओट्यावर हजर. स्वतःची कॉफी सुटल्याचं दुःख मात्र त्यांना आवरत नसे. काकूंच्या पेल्याजवळ जाऊन ते नुसता वास घ्यायचे, डोळे मिटून. पाहवत नसे.

त्याच काळात मी जेवण चुकवत होते. घरी सांगायचं कॉलेजात खाल्लं, कॉलेजात सांगायचं घरी खाल्लं. ऐन चैत्रातल्या उन्हात पूर्ण बाह्या घालायचे. त्या बाह्यांखाली काय आहे ते कुणाला कळलं तर या गल्लीत पुन्हा मान वर करता येणार नाही, असं मला पक्कं वाटायचं. आमच्या गल्लीत एखाद्या घरी रसमात मीठ जास्त झालं तर चार घरं पलीकडे पाणी प्यायचे, तेव्हा माझी भीती अगदीच खोटी नव्हती. काका फक्त पुन्हा पोस्टात जाऊन एक पार्सल घेऊन आले आणि त्यांचं अल्सरचं पुस्तक अचानक दुप्पट जाड झालं. अल्सर वाढला असेल, असं मला वाटलं.

मग एका बुधवारी काका म्हणाले, त्रिचीला पोटाच्या मोठ्या डॉक्टरकडे जायचंय, सोबतीला चल. बसमध्ये अर्ध्या वाटेपर्यंत ते गप्प होते. हे इतकं अघटित होतं की मीच घाबरले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, ‘पुस्तकांत लिहलंय, विचारायला भिऊं नये. मज भय वाटतंय, तरी विचारतों. तू जेवत नाहींस, आणि स्वतःला इजा करून घेतेस… होय का?’

बाहेर भाताची शेतं संपून त्रिचीची घरं लागली. मी ‘होय’ म्हटलं. ते रागावले नाहीत, रडले नाहीत. ‘डॉक्टरीण पोटाची नाहीं, मनाची. चांगली आहे म्हणतात. तू आंत जा, मी बाहेर बसतों,’ एवढंच म्हणाले. पुढे दोन वर्षं महिन्यातून दोनदा आम्ही त्रिचीला गेलो. आईवडिलांना डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून सगळं सांगितलं, काकूंना तर आधीच ठाऊक होतं. गल्लीला मात्र कारण काकांचं पोट.

गल्लीत पंचूमामा होते. रजिस्ट्रार ऑफिसातून निवृत्त झालेले पंचापकेशराव. त्यांना आंबट ढेकर येऊ लागले म्हणून मी कॉलेजात असताना काकूंनी अल्सरचं पुस्तक त्यांना देऊन टाकलं. आत काय शिवलंय याची काकूंना कल्पना नव्हती. पंचूमामा कागद शेवटच्या सहीपर्यंत वाचणारा माणूस. त्यांनी पान एकपासून शेवटपर्यंत वाचलं आणि मधे विषय बदलल्याचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. आठवडाभर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, जेवायच्या आधी ते मनात काय चाललंय ते वहीत लिहीत होते. ढेकर थांबले, म्हणाले. मग आठव्या दिवशी त्यांना शंका आली आणि पुस्तक काखेत मारून ते आमच्या ओट्यावर आले. अकराची वेळ होती, काका इडली खात होते. मी दारातच उभी होते. ‘सेतू, मागचं अर्धं अल्सरचं नाहीं. जेवत नाहींत, स्वतःला इजा करतात, त्यांचं आहे. हें तुझ्या घरी कोणाला?’

काकांनी इडली खाली ठेवली आणि म्हणाले, ‘मज.’

पंचूमामांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. ते पोट दाबयंत्राच्या चक्राला टेकायचं. पण पंचूमामांनी पुस्तक वाचलेलं होतं, आणि या आजाराचा माणूस बघून ओळखता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं आणि पंचूमामांनी पुस्तकातला नियम गल्लीला घालून दिला: सेतूच्या पानाकडे बघायचं नाही, किती खाल्लं बोलायचं नाही, वाढायचं आणि दुसरा विषय काढायचा. त्या दिवसापासून काकांना पंगतीत कुणी आग्रह केला नाही. आग्रहावर जीव असलेला माणूस तो. नको नको म्हणत जिलबीसारखी जांगिरी तीन वेळा वाढून घेण्यात त्यांचं निम्मं सुख होतं. आता ते हात आडवा धरून बसायचे आणि वाढपी पापनाशमच्या गाडीची वेळ सांगून पुढे निघून जायचा. घरी येऊन काका काकूंवर चिडायचे. एकदा मी म्हटलं, खरं सांगून टाकू या. तर म्हणाले, ‘तूं पहिले बरी हो. माझं काय, मी घरी जेवतों.’ मी बरी झाले. सहज नाही झाले, मधे दोनदा घसरले. पण झाले.

काकांच्या तेराव्याला सगळी गल्ली जेवायला होती. पंचूमामा आता काठी घेऊन चालतात. पंगत बसल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले, सेतू आजाराशी किती धैर्यानं झुंजला ते आम्ही पाहिलंय. मला ते ऐकवेना. मी पानावरून उठले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की तो आजार माझा होता. काकांना अल्सर सोडून कधी काही झालं नव्हतं.

वाढपी सांबाराचं भांडं घेऊन तसाच थांबला. काकू पदरानं डोळे पुसत होत्या. पंचूमामा जरा रागानंच म्हणाले, ‘माझ्या लेकीच्या लग्नात तो अकरा जांगिऱ्या खाल्ला. बरा झाला म्हणून मी मांडवामागं जाऊन रडलों.’

‘त्यांना आवडायची जांगिरी,’ मी म्हटलं.

ते काठीवर भार देत हळूहळू खाली बसले.

‘मग तें रडणं तुझं होतं,’ ते म्हणाले. ‘ठेवून घे.’