दीड हजार वर्षांपूर्वीची गाठ

सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी पांडेसऱ्यातल्या आमच्या लूमखात्यात, यंत्रमागाच्या कारखान्यात, पुण्याच्या एक बाई आल्या. रोमन बादशाहीच्या उतरत्या काळातल्या रेशमावर त्यांचं संशोधन चाललं होतं. मी तुटलेला धागा सांधला, तशा त्या एकदम खाली वाकल्या.

"दादा, ही गाठ पुन्हा मारा ना."

मी मारली. त्यांनी पिशवीतून दीड हजार वर्षांपूर्वीच्या कापडाचा मोठा केलेला फोटो काढला. त्यात हुबेहूब तशीच गाठ! तिच्यावरून त्या हळूच बोट फिरवत राहिल्या.

"बादशहाचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मी ही गाठ बांधणाऱ्याला शोधतेय."



तेव्हापासून मी गाठ जरा निगुतीनंच मारतो. उशीर होतो म्हणून शेठ ओरडतो. त्याला काय सांगू, मला शोधत कुणीतरी येणार आहे म्हणून?